व्यवसाय : काही नाही

२४ मार्च १८७५. पॅरिसच्या ओतेल द्रुओ या लिलावघरात त्र्याहत्तर चित्रं विकायला आली होती. विकणारे चौघे : क्लोद मोने, ऑग्युस्त रेन्वार, आल्फ्रेड सिस्ले आणि बेर्त मोरिझो. वर्षभरापूर्वी या मंडळींनी सरकारी प्रदर्शनाकडे पाठ फिरवून स्वतःचं प्रदर्शन भरवलं होतं. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. खिसे रिकामे झाल्यावर आता लिलावाचा मार्ग धरला होता. लिलाव कसला, तमाशाच झाला. चित्र वर धरलं की हशा, शिट्ट्या, आरडाओरडा. शेवटी पोलीस बोलवावे लागले. गर्दीतल्या कुणीतरी मोरिझोला उद्देशून बाजारबसवी अशा अर्थाची शिवी हासडली, तेव्हा त्यांच्याच गटातल्या, एरवी सौम्य असणाऱ्या पिसारोने त्याला ठोसा लगावला, असं सांगतात.

त्या दिवशीची सर्वांत मोठी बोली ४८० फ्रँकची होती. ती मोरिझोच्या ‘अंतर्गृह’ या चित्रावर लागली. घेणारा एर्नेस्त ओशदे, कापडाचा मोठा व्यापारी. रेन्वारच्या चित्रांना सरासरी शंभराच्या थोडे वर फ्रँक मिळाले.

याला वीस वर्षं होताहेत तोवर, २ मार्च १८९५ रोजी, बेर्त मोरिझो वारली. वय ५४. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात कारकुनाने लिहिलं : काही नाही. पासीच्या स्मशानभूमीत मॅने कुटुंबाच्या थडग्यात तिला पुरलं, तिथल्या दगडावर तिची ओळख ‘यूजेन मॅनेची विधवा’ अशी कोरली आहे. शाळाप्रवेशाच्या अर्जात आईच्या नावापुढे न विचारताच ‘गृहिणी’ भरून मोकळे होणारे आपण, आपल्याला त्या कारकुनाचं फार नवल वाटू नये. पण तिने तोवर तीस वर्षं चित्रं काढली होती, प्रदर्शनांत लावली होती, विकली होती. आधीच्याच वर्षी फ्रेंच सरकारने तिचं एक चित्र विकत घेतलं होतं.

दृक्प्रत्ययवादाची, म्हणजे इम्प्रेशनिझमची, गोष्ट मोने, रेन्वार, देगा या नावांवर उभी आहे. मोरिझोचं नाव त्यात येतं ते बहुधा ‘आणि शिवाय’ म्हणून. हे कसं घडलं? बाई होती म्हणून समाजाने दुर्लक्ष केलं, एवढं म्हणून इथे भागत नाही. तिच्या हयातीत तिच्याकडे दुर्लक्ष झालंच नाही. मित्र तिला मानत होते, समीक्षक तिच्यावर लिहीत होते, बरेचदा चांगलंही लिहीत होते. तिचं नाव पुसट झालं ते नंतर, आणि त्याची कारणं चित्रांच्या व्यवहारात, घराण्याच्या प्रतिष्ठेत आणि तिच्या वाट्याला आलेल्या कौतुकाच्या शब्दांत शोधावी लागतात.

मोरिझोचं आयुष्य पॅरिसच्या एका कोपऱ्यात गेलं. जन्म १४ जानेवारी १८४१ चा, बूर्झ या गावचा. वडील वरिष्ठ सरकारी अधिकारी, जिल्ह्याचे प्रिफेक्ट. १८५२ मध्ये कुटुंब पॅरिसजवळच्या पासीत आलं. पुढे हे गाव पॅरिस शहरातच सामील झालं. आज ट्रोकादेरोच्या आसपास पायी फिरलं तर तिचं अख्खं चरित्र तासाभरात उरकतं : र्‍यू फ्रँक्लिनवरचं माहेर, जरा पुढे तिने आणि नवऱ्याने बांधलेलं घर, ट्रोकादेरोलाच लागून स्मशानभूमी आणि रानलाघ बागेच्या कडेला मार्मोताँ संग्रहालय, जिथे तिच्या चित्रांचा सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह आहे.

तिघी बहिणी : ईव्ह, एद्मा आणि बेर्त, त्यांच्यामागून एक भाऊ. वडिलांच्या वाढदिवसाला मुलींनी एकेक चित्र भेट द्यावं अशी आईची हौस. म्हणून शिकवणी लावली. पियानो आणि भरतकाम जसं, तसंच हे. ईव्हला लवकरच कंटाळा आला. एद्मा आणि बेर्त मात्र थांबेनात. त्यांचा दुसरा शिक्षक जोझेफ गिशार हा लबाड नसलेला माणूस होता. त्याने आईला बजावलं की या मुलींचा हात पाहता माझ्या शिकवणीतून हौशी बायका नव्हे, चित्रकार तयार होतील, आणि तुमच्या वर्तुळात ही क्रांती ठरेल, जवळजवळ अनर्थच. आईने ऐकून घेतलं आणि शिकवणी चालू ठेवली. या गोष्टीत कोर्नेली मोरिझो या बाईला कुणी फारसं श्रेय देत नाही. पुढे मुलीच्या लग्नाची तिची कटकट पत्रांतून दिसते, तेवढीच लक्षात राहते.

एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेचे दरवाजे बायकांना उघडले ते १८९७ मध्ये, मोरिझो गेल्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे नग्न देहाचा अभ्यास नाही, पदक नाही, पदकातून मिळणारी सरकारी कामं नाहीत. उरला लुव्र. तिथे परवाना काढून जुन्या उस्तादांच्या अनुकृती करता येत, सोबत आई किंवा कुणी वडीलधारी असली की झालं. दोघी बहिणी १८५८ पासून तिथे बसू लागल्या. नंतर त्या कोरो या निसर्गचित्रकाराकडे गेल्या, आणि त्याने त्यांना दालनातून काढून उघड्यावर नेलं. झाड, पाणी, ढग समोर ठेवून रंगवायला लावलं. १८६४ च्या सालोंमध्ये, म्हणजे त्या काळच्या एकमेव सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात, दोघींची चित्रं लागली. बेर्त तेव्हा तेवीस वर्षांची होती. त्यानंतर जवळपास दहा वर्षं तिचं काम तिथे वारंवार लागत राहिलं. मोने किंवा सेझान परीक्षकांच्या नकाराने हैराण होते, त्या काळात ही बाई सरळ दारातून आत जात होती, हे विसरू नये. सालों तिने नंतर सोडलं, ते तिथे जागा नव्हती म्हणून नव्हे.

१८६८ मध्ये लुव्रमध्ये ती रुबेन्सची अनुकृती करत असताना फाँतँ-लातूर या चित्रकाराने तिची ओळख एदुआर मॅनेशी करून दिली. त्याच ऑगस्टमध्ये मॅनेने फाँतँ-लातूरला लिहिलेल्या पत्रात या मोरिझो कन्या मोहक आहेत, पुरुष नाहीत हे दुर्दैव, असा शेरा आहे. तरी अकादमीतला एकेक सभासद नवरा गाठून त्या चित्रकलेच्या कामी येऊ शकतील, असंही तो पुढे म्हणतो. विनोदच होता तो. पण मॅनेसारखा सगळ्या रूढी मोडायला निघालेला माणूसही त्या विनोदाच्या पलीकडे जाऊ शकला नाही.

त्याने तिला समोर बसवून अकरा-बारा तैलचित्रं केली. ‘सज्जा’मधली काळ्याभोर डोळ्यांची, कठड्याला टेकलेली बाई ती हीच. १८७२ चं, जांभळ्या व्हायोलेट फुलांचा गुच्छ लावलेलं काळ्या पोशाखातलं व्यक्तिचित्रही तिचंच, आणि एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या व्यक्तिचित्रांत ते मोडतं. बैठकांना आई सोबत जायची आणि कोपऱ्यात विणकाम घेऊन बसायची. या चित्रांनी बेर्तला अमर केलं आणि तिचं नुकसानही केलं. तिचा चेहरा तिच्या हातापेक्षा प्रसिद्ध झाला. मॅनेच्या या इतक्या चित्रांपैकी एकातही तिच्या हातात कुंचला नाही. पंखा आहे, फुलं आहेत, बुरखा आहे. हाच मॅने एवा गोंझालेस या आपल्या शिष्येला ईझलसमोर बसवून रंगवतो, म्हणजे बाईला चित्रकार म्हणून रंगवणं त्याला अशक्य नव्हतं. बेर्तला हातात रंगपाटी घेऊन उभी पाहायची असेल तर एद्माने काढलेलं तिचं व्यक्तिचित्र पाहावं लागतं. ते जरा आधीचं, साधारण १८६५ चं.

१८७० च्या सालोंसाठी बेर्तने आई आणि एद्मा यांचं मोठं चित्र केलं होतं. आई काळ्या कपड्यांत वाचतेय, पांढऱ्या पोशाखातली एद्मा बाजूला बसली आहे. आईच्या आकृतीवर ती नाखूश होती. पाठवण्याची मुदत संपत आली तेव्हा मॅने घरी आला, चांगलं आहे म्हणाला आणि कुंचला हातात घेतला. आधी पोशाखाची खालची कड. मग तो थांबेचना. घेरापासून छातीपर्यंत, तिथून चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून मागच्या भिंतीपर्यंत. हसत, विनोद करत, रंगपाटी तिच्या हातात देत, परत घेत. संध्याकाळी पाचपर्यंत त्याने चित्राचा जो काही कायापालट करायचा तो केला होता. दारात हातगाडीवाला खोळंबला होता, चित्र त्याच्या हवाली करावं लागलं. बेर्तने एद्माला कळवलं की आता हे नाकारलं जावं एवढीच इच्छा आहे. आईला सगळा प्रकार मजेशीर वाटला, मुलीला असह्य. चित्र स्वीकारलं गेलं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आईचा काळा पोशाख पाहताना तिथला सपाट, ठसठशीत हात मॅनेचा आणि एद्माचा हलका, थरथरता पांढरा रंग बेर्तचा, हे साध्या डोळ्यांनाही कळतं.

दोघांच्या नात्याबद्दल चरित्रकारांनी आणि सिनेमावाल्यांनी बरंच रंगवलं आहे. त्यात मला रस नाही. हातगाडीचा तो प्रसंग पुरेसा बोलका आहे.

एद्माची गोष्ट त्याआधीच वळली होती. १८६९ मध्ये तिने आदोल्फ पोंतियों या नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि ती लोरियाँ बंदरी गेली. बारा वर्षं दोघी एकाच खोलीत, एकाच प्रकाशात काम करत होत्या. सालोंमध्ये एद्माचीही चित्रं लागत होती. लग्नानंतर तिचं रंगवणं थांबलं. तिच्या पत्रांत त्याची हळहळ आहे, बेर्तच्या पत्रांत एकटेपणाची भीती. त्या उन्हाळ्यात बेर्त लोरियाँला गेली आणि बंदराचं एक छोटं चित्र करून आली. निळं पाणी, गलबतं, दगडी कठड्यावर छत्री घेऊन बसलेली एद्मा. मॅनेला ते इतकं आवडलं की तिने त्याला देऊनच टाकलं. मग युद्ध आलं. प्रशियाच्या वेढ्यात पॅरिसमध्ये उपासमार चालू असताना ती शहर सोडून गेली नाही, आणि तिची तब्येत त्यानंतर कधी धड राहिली नाही.

‘पाळणा’ हे तिचं सर्वांत परिचित चित्र १८७२ चं. पाळण्यातल्या धाकट्या ब्लाँशकडे पाहणारी आई एद्माच आहे. पाहिलं की गोड वाटतं, म्हणून लोक पटकन पुढे सरकतात. जरा थांबावं. पाळण्यावरची झिरझिरीत जाळी आई आणि बाळ यांच्यामध्ये आडवी येते. बाळ जाळीमागे अंधूक, आई जाळीबाहेर स्पष्ट. आईचा एक हात गालाशी, दुसरा जाळीच्या कडेवर, आणि चेहऱ्यावर जे आहे त्याला वात्सल्य म्हणावं की थकवा, की कंटाळा, हे ठरवता येत नाही. मॉडेल स्वतः चित्रकार होती आणि आता नाही, हे माहीत असल्यावर तर अजिबातच नाही. पांढऱ्या कापडावर पांढरं कापड, त्यात निळसर-गुलाबी सावल्या : एवढ्या अवघड गोष्टी तिने ५६ बाय ४६ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर जमवल्या.

ते १८७४ च्या प्रदर्शनात लागलं. १५ एप्रिलला बुलवार दे काप्युसीन, क्रमांक ३५ या पत्त्यावर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत तीसएक कलाकारांनी भरवलेलं हे प्रदर्शन. पुढे ज्याला दृक्प्रत्ययवाद्यांचं पहिलं प्रदर्शन म्हणतात ते हेच. मोरिझोला त्यात ओढण्यासाठी देगाने तिच्या आईला पत्र लिहिलं होतं. त्या गटात ती एकटी बाई. मॅने स्वतः गेला नाही, तिनेही जाऊ नये असं त्याचं मत होतं. गिशार प्रदर्शन पाहायला आला आणि हादरला. वेड्यांच्या संगतीत राहून मुलगी बिघडते आहे अशा आशयाचं पत्र त्याने आईला धाडलं. महिनाभरात साडेतीन हजारांच्या आसपास लोक येऊन हसून गेले. ‘पाळणा’ विकलं गेलं नाही. पुढे छप्पन्न वर्षं ते कुटुंबातच राहिलं आणि १९३० मध्ये लुव्रने विकत घेतलं.

तिच्या स्वभावाचा अंदाज मला यापुढच्या वर्षांवरून येतो. गटाची एकूण आठ प्रदर्शनं झाली. रेन्वार १८७८ मध्ये सालोंकडे परतला. मोनेनेही १८८० मध्ये सालोंचं दार ठोठावलं. सिस्लेने प्रयत्न करून पाहिला. पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यांना दोष नाही. मोरिझो एकदा सालोंबाहेर पडली ती पडली. आठपैकी सात प्रदर्शनांत ती होती, एकच चुकलं, १८७९ चं, कारण आदल्या नोव्हेंबरात तिची मुलगी ज्यूली जन्मली होती. तिच्यापेक्षा जास्त हजेरी एकट्या पिसारोची. १८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनाचा खर्च उचलणाऱ्यांतही ती आणि तिचा नवरा होते.

नवरा म्हणजे यूजेन मॅने, एदुआरचा धाकटा भाऊ. लग्न डिसेंबर १८७४ मध्ये झालं, तेव्हा तिला चौतिसावं लागत होतं. यूजेन स्वतः थोडंफार चित्र काढायचा, पण आयुष्यभर त्याने मुख्यतः बायकोचं काम सांभाळलं. १८८२ च्या प्रदर्शनाच्या वेळी ती पॅरिसबाहेर होती, तेव्हा तिची चित्रं निवडणं, चौकटी, मांडणी हे सगळं त्याने पाहिलं आणि पत्रातून तिला खबरबात देत राहिला. १८७६ मध्ये ‘फिगारो’त आल्बेर वोल्फने या गटाला पाच-सहा वेडे, त्यातली एक बाई, असं हिणवलं तेव्हा यूजेन त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान द्यायला निघाला होता, त्याला आवरावं लागलं. तिने त्याचीही चित्रं केली. बूझिव्हालच्या बागेत तो बाकावर बसला आहे आणि छोटी ज्यूली त्याच्या मांडीवर खेळणं मांडून खेळते आहे. बाप पोरीला खेळवतोय असं चित्र त्या काळच्या मोठ्या चित्रकारांच्या कामात शोधायला गेलं तर दमायला होतं. सह्या मात्र लग्नानंतरही सगळ्या ‘बेर्त मोरिझो’ याच नावाने. शिकागोतल्या ‘प्रसाधन’ या चित्रात तिची सही आरशाच्या खालच्या कडेवर आहे, जिथे त्या पाठमोऱ्या बाईचा चेहरा दिसायला हवा होता आणि दिसत नाही.

तिच्या विषयांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते : घर, बाग, बायका, मुलं, बस्स. कॅफे नाहीत, नाटकघरांमागची दालनं नाहीत, रेल्वे स्टेशन नाही. खरं आहे. मॅने, देगा, मोने ज्या कॅफे गेर्ब्वामध्ये बसून नव्या कलेचे वाद घालत, तिथे तिच्या घरच्या बाईने पाऊल टाकणं अशक्य होतं. ग्रिझेल्डा पोलॉक या अभ्यासकांनी १९८८ मध्ये दाखवलं की मोरिझोच्या चित्रांत कठडे, सज्जे, खिडक्या सतत आडव्या येतात. ट्रोकादेरोवरून दिसणारं पॅरिस तिने रंगवलं त्यात पुढे काही आकृती आहेत, मग कुंपण, आणि त्यापलीकडे अख्खं शहर. हे शहर तिच्या डोळ्यांना होतं, पायांना नव्हतं.

पण घरातही काय काय असतं! १८८० चं ‘दाई’ हे चित्र घ्या. बागेत, हिरव्या गवतावर पांढऱ्या कपड्यांतली एक बाई बाळाला अंगावर पाजते आहे. बाळ ज्यूली, मोरिझोची मुलगी. पाजणारी आंजेल, पगारी दाई. चित्रातून आकार जवळजवळ विरघळून गेले आहेत. दाईला नाकडोळे असे नाहीतच, हिरव्यात पांढरे-गुलाबी फटकारे मिसळून गेले आहेत आणि त्यातून दूध पिणारं मूल उमटतं. कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९८८ च्या एका निबंधात या चित्रात कामाचे दोन प्रकार पाहिले. पाजणारीही काम करते आहे, रंगवणारीही काम करते आहे, मध्ये एक मूल आहे, आणि दोन्ही कामं पैशासाठी. मेरी माता आणि बाल येशू या शेकडो वर्षांच्या विषयाची इथे जी उलथापालथ झाली आहे तिच्यापुढे कॅफेतली चार चित्रं मला फिकी वाटतात. नॉकलिननंतर कुणालाही हे चित्र निव्वळ गोड म्हणून पाहता येणार नाही. त्याआधी शंभर वर्षं मात्र ते तसंच पाहिलं गेलं.

इथेच कौतुकाच्या शब्दांचा मुद्दा येतो. पॉल मांत्झ या समीक्षकाने १८७७ मध्ये लिहिलं की या गटात खरी दृक्प्रत्ययवादी एकच, बेर्त मोरिझो. याहून मोठी पावती कोणती? पण त्या काळचे लेख वाचत गेलं की तेच ते शब्द पुढे येतात : लालित्य, नाजूकपणा, स्त्रीसुलभ, फुलाच्या पाकळीसारखं. मोनेने झपाट्याने, अर्धवट वाटावं असं रंगवलं की तो क्षण पकडणारा. मोरिझोने तेच केलं की ती उत्स्फूर्त, म्हणजे विचार न करता रंगवणारी, कारण बाई. प्रत्यक्षात तिच्याइतका धीट कुंचला त्या गटात क्वचित कुणाचा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं ‘उन्हाळ्याचा दिवस’ पाहावं. बुलोनच्या तळ्यात होडीत बसलेल्या दोघी, आणि भोवतीचं पाणी नागमोडी, वेड्यावाकड्या रेघोट्यांनी रंगवलेलं. कपडे, पाणी, बदक सगळं त्याच लयीत. कित्येक चित्रांत कॅनव्हासच्या कडा कोऱ्या सोडलेल्या, रंगच न लावलेलं कापड मधूनमधून डोकावणारं. हे सहज हात फिरवून झालेलं नाही. १८९१ च्या ‘चेरीचं झाड’ या मोठ्या चित्रासाठी, ज्यात एक मुलगी शिडीवर चढून फळं तोडते आणि दुसरी खाली टोपली धरते, तिने रेखाटनं, जलरंग, पेस्टल अशी पूर्वतयारी केली आणि चित्र पुन्हा रंगवलं. खोडलं, फाडलं, परत केलं. सुरुवातीच्या काळातलं आपलं बहुतेक काम तर तिने स्वतःच नष्ट केलं. एवढी निर्दय परीक्षक असलेली बाई उत्स्फूर्त कशी?

तिला आयुष्यातला बराच काळ वेगळा स्टुडिओही नव्हता. १८८३ च्या सुमारास पूर्ण झालेल्या र्‍यू द व्हिलझ्युस्तवरच्या घरात उंच छताचा दिवाणखाना होता, तिथेच ती रंगवायची. पाहुणे आले की कॅनव्हास आणि रंगपेटी आड करायची, असं घरच्या मंडळींनी सांगून ठेवलं आहे. गुरुवारी याच दिवाणखान्यात जेवायला कवी मालार्मे, रेन्वार, देगा, मोने जमत. एका वहीत १८९० मध्ये तिने नोंदवलं की बाईला बरोबरीने वागवणारा पुरुष कधी झाला असेल असं वाटत नाही, आणि आपण तेवढंच मागितलं असतं, कारण आपली किंमत त्यांच्याइतकीच आहे हे आपल्याला ठाऊक आहे. मालार्मे आणि रेन्वार जिच्या घरी जेवतात तिने हे लिहावं.

हयातीतलं तिचं एकमेव एकल प्रदर्शन १८९२ च्या मे महिन्यात झालं. त्यासाठी मागे लागलेला यूजेन एप्रिलमध्येच वारला होता. १८९४ मध्ये गुस्ताव्ह कायबॉत गेला. या श्रीमंत चित्रकाराने मित्रांची चित्रं विकत घेऊन त्यांना जगवलं होतं, आणि तो संग्रह त्याने सरकारला दिला. फ्रान्सच्या संग्रहालयांतला दृक्प्रत्ययवाद या देणगीवर उभा राहिला, आज ओर्से संग्रहालयाचा गाभाही तोच. मोने, रेन्वार, पिसारो, सिस्ले, देगा, मॅने, सेझान सगळे त्यात होते. मोरिझोचं एकही चित्र नव्हतं. तिला पैशाची गरज नव्हती, म्हणून मित्राला तिचं चित्र विकत घ्यावं लागलं नाही, हे एक कारण असावं असं मला वाटतं. मालार्मेने धावपळ केली आणि त्याच वर्षी तेओदोर द्युरेच्या संग्रहाच्या लिलावातून सरकारने तिचं नाचाच्या पोशाखातल्या तरुणीचं चित्र घेतलं. पुढच्या मार्चमध्ये, आजारी ज्यूलीची शुश्रूषा करता करता न्यूमोनिया होऊन, ती गेली.

सोळा वर्षांची ज्यूली पोरकी झाली. तिची जबाबदारी मालार्मेने घेतली, रेन्वारनेही माया लावली. वर्षभराने द्युराँ-र्‍युएल या चित्रविक्रेत्याच्या दालनात मोरिझोची चारशेच्या आसपास कामं एकत्र मांडली गेली. मांडणारे कोण? देगा, मोने, रेन्वार आणि मालार्मे. रेखाटनांचा पडदा दालनाच्या मधोमध ठेवायचा की नाही यावरून देगाने कडाक्याचं भांडण केलं आणि तो निघून गेला. ज्यूलीने हे सारं आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं आहे. या चार माणसांनी आणखी कुणासाठी हातोडी आणि खिळे घेतले असते, मला शंका आहे.

त्यानंतर चित्रं घरी गेली. इथे तिच्या विस्मरणाचं खरं यंत्र आहे. मोने-रेन्वारची चित्रं व्यापाऱ्यांच्या हातून न्यूयॉर्क-शिकागोला गेली, संग्रहालयांत पोहोचली, पुस्तकांत छापली गेली. मोरिझोची बहुतांश चित्रं ज्यूलीकडे, आणि ज्यूली एर्नेस्त रूआरशी लग्न करून गेल्यावर त्या घराण्यात राहिली. मायेनेच जपली. पण भिंतीवरच्या चित्राचा भाव ठरत नाही, आणि ज्याचा भाव ठरत नाही त्याच्यावर ग्रंथ निघत नाहीत. नातू दनी रूआरने १९५० मध्ये तिचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. ज्यूली १९६६ पर्यंत जगली. पुढे रूआर घराण्याच्या देणगीने तिची ऐंशीच्या आसपास कामं मार्मोताँला मिळाली.

मधल्या काळात तिचं नाव एकदा पहिल्या पानावर झळकलं, ते चोरीमुळे. १९५६ मध्ये दोन आयरिश विद्यार्थी भरदिवसा लंडनच्या टेट गॅलरीतून ‘उन्हाळ्याचा दिवस’ काखेत मारून चालते झाले. हे चित्र ज्याच्या संग्रहातलं, तो ह्यू लेन १९१५ मध्ये लुसिटानिया बोटीवर बुडून गेला होता. आपली चित्रं डब्लिनला द्यावीत असं त्याचं मृत्युपत्रानंतरचं, साक्षीदारांच्या सह्या नसलेलं लिखाण ब्रिटनने मानलं नव्हतं. त्याचा हा निषेध. चित्र काही दिवसांत परत आलं. पुढे दोन्ही शहरांत वाटणीचा करार झाला. गाजली ती आयर्लंडची मागणी, चित्रकार बाई कोण याची चौकशी कुणी फार केली नाही.

फेरमांडणी सुरू झाली ती १९७१ नंतर. थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत, हा प्रश्न नॉकलिन यांनी त्या वर्षी विचारला. १९८७ मध्ये वॉशिंग्टनला मोठं प्रदर्शन झालं. २०१३ मध्ये ‘जेवणानंतर’ हे तिचं चित्र लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ९ लाख डॉलरला गेलं. तेव्हा कुठल्याही स्त्री कलाकाराच्या कामाला लिलावात मिळालेली ही सर्वाधिक किंमत. मोनेचं कमळांचं एक चित्र त्याआधी पाच वर्षं, २००८ मध्ये, ८ कोटींहून अधिक डॉलरला गेलं होतं. खुद्द ओर्सेने, १९८६ मध्ये उघडलेल्या, दृक्प्रत्ययवादाचं माहेर म्हणवणाऱ्या संग्रहालयाने, तिचं एकल प्रदर्शन भरवलं ते २०१९ मध्ये.

मोरिझोला हुतात्मा करण्याची अलीकडे जी चढाओढ दिसते तिच्याशी मला सहमत होता येत नाही. घरात स्वयंपाकीण होती, दाई होती, नवरा पाठीशी होता, पैसा होता. तिची कोंडी खरी होती, पण उबदार घरातली होती. तिच्याहून जेमतेम दीड महिन्याने मोठी असलेली मारी ब्राकमाँ अशा कुठल्याच आधाराविना चित्रं काढत होती. गटाच्या तीन प्रदर्शनांत तिची कामं लागली. सेव्ह्रच्या घराच्या गच्चीत पांढऱ्या पोशाखातल्या बायका तिने अशा रंगवल्या की ऊन कपड्यांवरून निळं-जांभळं होऊन वाहतं. तिचा नवरा फेलिक्स ब्राकमाँ नामांकित कोरीवचित्रकार. त्याला बायकोची ही नवी शैली आवडत नसे, आणि तिची चित्रं घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवणंही तो टाळायचा, असं त्यांच्या मुलाने लिहून ठेवलं आहे. रोजचा वाद नको म्हणून १८९० च्या सुमारास तिने रंगवणं जवळजवळ बंद केलं. त्यानंतर ती पंचवीसेक वर्षं जगली.